स्वेटर माळ्यावरून उतरतील तेव्हाच

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला जातो, त्याच आठवड्यात आमच्या नाशकात माळ्यावरची स्वेटरांची बॅग खाली येते आणि गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवायला जागा उरत नाही. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, नव्या शपथा. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत यातले कितीतरी चेहरे दिसेनासे होतात. सलग चार हिवाळे मीही त्या दिसेनाशा होणाऱ्यांत होते. पाचव्या वर्षी टिकले, ते निश्चय वाढला म्हणून नव्हे. नोव्हेंबरात बसून थोडी तयारी केली होती, एवढंच.

आधी मी का गळायचे, ते सांगते. गजर सहाचा. ऑक्टोबरात सहाला उठलं की तोंड धुऊन बाहेर पडेपर्यंत फटफटलेलं असायचं. जानेवारीत त्याच सहाला बाहेर मिट्ट काळोख. मला वाटायचं, आपणच आळशी झालो. एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाच्या वेळा ओळीने वाचल्या आणि उलगडा झाला. नाशिकला सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य साधारण ६:२५ला उगवतो, नोव्हेंबर संपताना ६:५०ला, २२ डिसेंबरला ७:०५च्या सुमारास. तो सगळ्यात लहान दिवस, म्हणून त्यानंतर सकाळ लवकर होत असेल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. सूर्योदय पुढेच सरकत राहतो आणि जानेवारीच्या मध्यावर ७:१२च्या पुढे जातो. महिनाअखेरीपर्यंत तो जेमतेम एक-दोन मिनिटं मागे येतो. आपण सहाला चिकटून बसतो आणि उजेड मात्र दर आठवड्याला थोडा थोडा लांब जातो.

म्हणून यादीतलं पहिलं काम कागदावरचं आहे. ‘सहा वाजता चालणे’ असं लिहू नका, ‘उजाडल्यावर चालणे’ असं लिहा. दर पंधरा दिवसांनी गजर पुढे सरकवा. ज्यांना साडेसातला बस पकडायची असते त्यांना हे जमणार नाही. त्यांनी संध्याकाळचा विचार करावा, कारण तिथे गणित उलटं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य ५:५५च्या आत मावळतो, पण संक्रांतीला ६:१५ होतात आणि जानेवारी संपताना ६:२५. संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो म्हणतात, संध्याकाळ मात्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच लांबायला लागलेली असते. आमच्या घरात आता दोन पाळ्या आहेत: मी आणि आई सकाळी, नवरा ऑफिसातून आल्यावर.

उजेडाची वाट बघायला अंधाराखेरीज आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धूर. थंडीच्या रात्री जमीन गार होते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर त्यापेक्षा उबदार हवेचं झाकण पडतं. मग चौकातली शेकोटी, कोणीतरी पेटवलेला पाचोळा, टेंपोंचा धूर, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर कोंडून राहतं. ऊन पडून जमीन तापली की झाकण निघतं. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरला की द्राक्षबागांमध्येही पहाटे शेकोट्या पेटतात, गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि आपण तो चहासोबत कौतुकाने वाचतो. पहाटेच्या ‘शुद्ध हवे’वर माझा लहानपणापासून विश्वास होता. आता ज्या दिवशी समोरच्या बिल्डिंगभोवती करडा थर दिसतो त्या दिवशी मी साडेआठ-नऊनंतर निघते, नाहीतर घरातच हातपाय हलवते.

दुसरं काम डॉक्टरांकडचं. ते नोव्हेंबरातच उरका, जानेवारीत सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसून नको. थंडीत शरीर ऊब राखायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आमच्या आईचा वरचा आकडा उन्हाळ्यात १३०च्या आसपास असतो, दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो १५०ला जाऊन टेकला. तेव्हापासून थंडीच्या सुरुवातीला आठवडाभर घरी रक्तदाब मोजून ती वही डॉक्टरांना दाखवायची असा नेम आहे. गोळी चालण्याआधी घ्यायची की आल्यावर, हे तिथेच विचारून घ्या. शेजारच्या काकांना विचारू नका. दमा असलेल्यांनी आपला पंप व्यायामाआधी घ्यायचा का आणि किती आधी, ते विचारून ठेवावं, कारण गार कोरड्या हवेने श्वासनळ्या आवळतात. पंप कपाटात नको, खिशात हवा. साठीपुढच्यांनी फ्लूच्या लशीचं त्याच भेटीत विचारलं तर फेरी वाचते.

मधुमेह असलेल्यांसाठी दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण माझे वडील त्यातून गेले. रिकाम्या पोटी लांब चालायला जाऊ नका आणि खिशात साखरेची पुडी किंवा खडीसाखर ठेवा. पायांची जाणीव कमी झाली असेल तर आल्यावर शेकोटीपाशी तळवे धरू नका, गरम पाण्याची पिशवीही पायाला लावू नका. भाजतं आणि कळत नाही. वडिलांच्या पायावरचा फोड आम्हाला मोजा काढल्यावर दिसला.

हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या: चालताना छातीत दडपल्यासारखं झालं, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, गारठ्यात दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त असेल, एवढी फेरी पूर्ण करू’ म्हणायचं नाही. तिथेच बसायचं आणि १०८ला फोन करायचा. त्यासाठी फोन जवळ हवा. चालताना फोन घरी ठेवून ‘मनःशांती’ मिळवणाऱ्यांनी ती दुसऱ्या वेळी मिळवावी.

आता कपडे. लोकांना वाटतं थंडीची तयारी म्हणजे कपडेच, प्रत्यक्षात इथे खर्च सगळ्यात कमी आहे. अंगाला लागून सुती बनियन नको. ते घाम पितं आणि ओलं राहतं, मग थांबलात की तोच ओला गारवा पाठीत शिरतो. सध्या बाजारात ‘ड्रायफिट’ नावाने मिळतो तो पातळ टीशर्ट आत, त्यावर साधा पूर्ण बाहीचा स्वेटर, आणि वारा असेल तर वरून पावसाळ्यातलंच विंडचीटर. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा असे दोन-तीन थर बरे, कारण पंधरा मिनिटांनी एक काढून कमरेला बांधता येतो. कपडे बरोबर आहेत की नाहीत याची माझी खूण अशी: दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं किंचित काकडायला हवं. दारातच छान उबदार वाटलं, तर पहिल्या फेरीतच उकडणार.

कानटोपीबद्दल माझं मत घरात कोणाला पटत नाही. माकडटोपी कान इतके गच्च बंद करते की मागून येणारी स्कूटर ऐकू येत नाही. ट्रॅकवर खुशाल घाला. रस्त्याने चालणार असाल तर कानांवरून सैलसर मफलर आणि त्याचंच टोक नाकावरून. नाकावरच्या कापडाने आत जाणारी हवा जरा ऊबदार आणि ओलसर होते, दम्याच्या माणसांना त्याचा चांगला उपयोग होतो. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारं वाहन समोरून दिसतं. आणि काळा ट्रॅकसूट घेऊन झालाच असेल तर वरून काहीतरी पांढरं किंवा पिवळं घाला. धुक्यातल्या ड्रायव्हरला आपण खरंच दिसत नाही.

बूट उलटे करून बघा. टाचेकडची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ते बूट भाजी आणायला ठेवा. दवाने भिजलेल्या फरशीवर आणि गवतावर घसरायला क्षणही लागत नाही, आणि या वयात मनगट मोडलं की हिवाळा संपला. मी गुळगुळीत बुटांनिशी गोदापार्कच्या उतारावर बसले होते. बसले म्हणजे आपटले. सुदैवाने फक्त लाज मोडली. मोजे दोन जोड जास्त घ्या, कारण थंडीत ते वाळत नाहीत. भेगाळलेल्या टाचांनी चालणाऱ्यांना कोकमतेल माहीत असेलच. रात्री पाय धुऊन, पुसून, कोकमतेल जरा गरम करून भेगांत भरायचं आणि वर जुने मोजे. महागड्या क्रीमने मला याहून वेगळं काही दिलं नाही.

चालायची जागा दिवसा एकदा जाऊन बघून या. पायऱ्यांची आवड असेल तर त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर आहेच. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, हे लक्षात ठेवून पहिल्या आठवड्यात अर्ध्यापर्यंतच जा. कुठल्या गल्लीत कुत्री व्यायली आहे तेही बघून ठेवा. थंडीत पिल्लं बरीच असतात आणि एरवी शेपूट हलवणारी तीच कुत्री आता अंगावर येते. वळसा घालून गेलं की प्रश्न मिटतो.

त्याच ट्रॅकवर पेठ-सुरगाण्याकडून आलेली पोरं-पोरी साध्या टीशर्टवर धुक्यातून सुसाट जाताना दिसतील. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यानंतर या भागात पळण्याचं वेड आणखी वाढलं, असं मला तरी वाटतं. त्यांच्याकडे कौतुकाने बघा आणि बाजूच्या लेनमधून चाला. पन्नाशीत त्यांच्या मागे चार पावलं पळून पोटरी धरून बसलेला एक माणूस माझ्या घरात आहे.

पोटरी धरली याचं कारण असं की तो खाटेवरून थेट ट्रॅकवर गेला होता. गारठलेला स्नायू आखडलेला असतो, त्याला अचानक ताण दिला की दुखावतो. उन्हाळ्यात तीन-चार मिनिटं पुरतात, थंडीत आठ-दहा द्या, आणि ती घरातच द्या, दारं लावून. आमचा क्रम असा असतो: अंथरुणातच घोटे आणि मनगटं फिरवायची, मग उठून खांदे, मग ओट्याला धरून टाचा वर-खाली, मग जागच्या जागी संथ चाल. तोवर चहाचं आधण येतं. बाहेर पडल्यावरही पहिली फेरी रमतगमतच. परत आल्यावर एकदम खुर्चीत कोसळू नका, पाच मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर फिरा आणि घामाचा टीशर्ट लगेच बदला. नंतरची कडकडीत पाण्याची आंघोळ हे थंडीतलं मोठं सुख आहे, पण गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर खिडकी बंद करू नका. त्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. तयारीच्या यादीत गिझर कशाला, असं कोणी म्हणेल. मी तो वरच्या पाचांत धरते.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललं की पहिला आकडा झाला. भरभर म्हणजे असं की बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. ताकदीचं मात्र आपण बायका विसरतो. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या वर-खाली. आई हे टीव्हीसमोर करते, जाहिरातींच्या वेळात.

घरातल्या व्यायामाला सूर्यनमस्कारांसारखं सोयीचं दुसरं काही नाही: सतरंजीपुरती जागा, सामान शून्य. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे राजा भवानरावांनी, आपल्या संस्थानात याचा ध्यास घेतला आणि महाराष्ट्रभर प्रचार केला. आपल्याकडे थंडीला त्याची हक्काची तारीखही आहे, माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. आम्ही डिसेंबरच्या एक तारखेला तीन नमस्कारांनी सुरू करतो आणि आठवड्याला दोन-दोन वाढवतो. ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंतची बारा नावं पुरली की एक आवर्तन, त्यामुळे मोजदाद चुकत नाही. मनगट, कंबर किंवा रक्तदाबाची तक्रार असेल त्यांनी विचारून करावं. आई खुर्चीला धरून अर्धाच नमस्कार घालते आणि बारा नावं पूर्ण म्हणते. अवकाळी पावसाचे दोन-चार दिवस दर हिवाळ्यात येतात, ते याच्यावर निभतात. दोरीवरच्या उड्यांचा प्रयोगही केला होता, पण खालच्या मजल्यावरून निरोप आला.

खाण्याची तयारी कोणाला शिकवायला नको. डिंक, मेथी, अळीव, बाजरी, तीळ, गूळ, सगळं आधीच घरात आलेलं असतं. माझी सूचना फक्त मापाची आहे. डिंकाचा लाडू लिंबाएवढा वळा. पूर्वी तो खाऊन माणूस शेतावर जायचा, आपण लिफ्टने खाली जातो. पाण्याचं मात्र उलटं होतं: तहान लागत नाही, लघवीला जास्त होते आणि शरीर नकळत कोरडं पडतं. गार पाणी घशाखाली उतरत नसेल तर कोमट प्या, त्यात सुंठेची चिमूट टाका, पण चालून आल्यावर दोन फुलपात्री प्याच. चहा त्यात धरायचा नाही, हे मला मुलीने बजावलंय आणि मी ऐकलेलं नाही.

एक जुनी रीत मात्र या यादीत हवीच. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, धुंधुरमास करायची पद्धत होती. भल्या पहाटे स्वयंपाक करून सूर्योदयाला जेवायचं: बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत. आमच्या चालणाऱ्या टोळक्याने यातला एक रविवार ठरवून टाकलाय. सगळ्यांनी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त चालायचं आणि मग एकीच्या गच्चीवर धुंधुरमास. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा मन सगळ्यात जास्त डळमळतं, तेव्हाच हा रविवार ठेवायचा. एका वर्षी भरितासाठी तीन जणी परत आल्या, त्या मार्चपर्यंत टिकल्या. दुसरा रविवार रामशेज किल्ल्यासाठी. पेठ रस्त्यावर आशेवाडीत गाडी लावली की तासाभराच्या आत माणूस वर पोहोचतो, आणि जानेवारीत वरून दिंडोरीकडचा मुलूख स्वच्छ दिसतो. पाणी घरून न्या.

सोबतीबद्दल थोडं. जोडीदार असा निवडा जो तुमच्या घराजवळ राहतो. व्यायामाची आवड किती आहे ते नंतर बघू. कोणीतरी खाली उभं राहून हात चोळतंय, हे कळलं की रजई सुटते. ग्रुपवर सुविचार नकोत, फक्त ‘निघाले’ एवढा शब्द पुरे. आणि एखादी चार दिवस आली नाही तर टोमणा मारू नका. मार्गशीर्षात लग्नं असतात, पाहुणे असतात, गुरुवारची पूजा असते. नुसती सर्दी, नाक वाहणं असेल तर हळू चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर घरीच थांबा, आणि बरं झाल्यावर निम्म्या अंतरापासून सुरू करा. सुटलेले दिवस भरून काढायच्या नादात मी एकदा एका रविवारी तीन दिवसांचं चालले आणि पुढचे सहा दिवस जिना धरून उतरले.

उरली आदल्या रात्रीची कामं. ती झोपायच्या आधी, भांडी घासून झाल्यावर करायची. टीशर्ट, स्वेटर, मोजे खुर्चीवर, घालायच्या क्रमाने, टीशर्ट सगळ्यात वर. मफलर दाराच्या कडीला. बुटात किल्ली ठेवा, म्हणजे बूट घातल्याशिवाय किल्ली मिळत नाही आणि किल्ली शोधत बसण्याचं निमित्तही उरत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी भरून ओट्यावर. फोन चार्जिंगला, पण उशाशी नको, बाहेरच्या खोलीत, आवाज मोठा करून. गजर बंद करायला थंड फरशीवरून अनवाणी सात पावलं चालावी लागतात आमच्याकडे. चपला मी मुद्दाम पलंगापाशी ठेवत नाही.